सरकारचा छदाम नको म्हणणारी शाळा: मग पैसा कोणाचा होता?

हिशेबनीस (धागाकर्ता)

न्यू इंग्लिश स्कूलचा विषय निघाला की ठरलेली कहाणी ऐकू येते. चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली, १८८० साली पुण्यात शाळा काढली, टिळक-नामजोशी बरोबर होते, पाठोपाठ आपटे, आगरकर आले, आणि सरकारी मदतीशिवाय शाळेने सरकारी हायस्कुलाच्या तोंडात मारली. सरकारी शिक्षण कमिशनचे अध्यक्ष खुद्द हंटरसाहेब, त्यांनीही १८८२ मध्ये शाळा बघून पाठ थोपटली. यातलं काहीच खोटं नाही. पण सरकारचा पैसा नव्हता तर कोणाचा होता, हे कोणी विचारत नाही.

माझ्या मते तीन खिशांतून आला. पहिला खिसा फी भरणाऱ्या पालकांचा, म्हणजे ज्यांच्या घरी पैसाही होता आणि पाटी-पुस्तकाची सवयही. दुसरा खिसा मास्तरांचा. त्यांनी पोटाला चिमटा घेतला. तिसरा संस्थानिकांचा. १८८४ साली शाळा चालवायला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली तेव्हा कोल्हापूरकर आणि दक्षिणेतले बाकीचे संस्थानिक पुढे आले. आता संस्थानाच्या खजिन्यात पैसा येतो कुठून? शेतसाऱ्यातून. ज्या कुणब्याचं पोर त्या बाकावर कधी बसणार नव्हतं, त्याच्याकडून.

याला स्वावलंबन म्हणू नका, एवढंच मागणं आहे.

शनिवारातला

अजिबात सहमत नाही. "पोटाला चिमटा" हे दोन शब्द लिहून तुम्ही पुढच्या खिशाकडे वळलात, पण सगळी गोष्टच तिथे आहे. एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी खात्यात काय मिळालं असतं याचा विचार करा. याच सोसायटीतल्या गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर जवळजवळ वीस वर्षं काढली आणि सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव हिंडले. गणिताचा तास घेणारा माणूस दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरतोय, हे डोळ्यांपुढे आणा. संस्थानिकांकडून पैसे काढणं नामजोशींचं काम, आणि ते काम येरागबाळ्याचं नव्हतं.

राहता राहिला कुणब्याचा शेतसारा. तो पैसा शाळेला मिळाला नसता तर कुणब्याला परत जाणार होता का? हत्ती-घोड्यांवर आणि लग्नाच्या वरातींवर गेला असता.

माणदेशी

शनिवारातले, "नाहीतरी उधळलाच असता" हा युक्तिवाद कुठल्याही खर्चाला लावता येतो.

जोतीराव फुल्यांनी हे गणित हंटरसाहेब आले त्याच साली मांडलं होतं. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी साफ लिहिलं की सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा जादा कर, कापला जायचा आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळाखात्याचा. कापला जायचा शेतकऱ्याचा. गावात शाळा असेल-नसेल, मास्तर असेल-नसेल, आणा मात्र चुकत नव्हता. जोतीरावांची मागणी सरळ होती: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, पैसा आधी तिकडे घाला. हायस्कुलं-कॉलेजं ज्यांना हवीत त्यांनी आपल्या खर्चाने चालवावीत.

शाईदौत

माणदेशी, शेवटचं वाक्य तुमचं आहे, फुल्यांचं नाही. त्याच निवेदनात सरकारने वरच्या शिक्षणातून अंग काढून घेऊ नये असंही त्यांनी बजावलं आहे. ते खाजगी हातात गेलं की कोणाच्या हातात जाईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून ते शिष्यवृत्त्या मागतात, शिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात आणा म्हणतात.

हंटरच्या शाबासकीबद्दल एक खोचक शंका. कमिशनचा कल काय होता? सरकारने माध्यमिक शाळा हळूहळू खाजगी संस्थांकडे सोपवाव्यात, आपण फक्त अनुदान द्यावं. अशा कमिशनच्या अध्यक्षाला एक दमडी न मागता चालणारी शाळा दिसली तर तो खूश होणार नाही तर काय! एक हात पाठीवर, दुसरा तिजोरीच्या कुलपावर.

माणदेशी

मान्य, फुल्यांचं म्हणणं मी अर्धंच मांडलं. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट घट्ट होतो. खाजगी शाळा स्वस्तात चालते म्हणून सरकार सुटलं आणि रयतेच्या पोराचं दार बंद झालं.

शनिवारातला

सरकारी दार उघडं होतं असं गृहीत धरून बोलताय. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला. मुंबई सरकारने नकार उचलून धरला. कारण काय, तर एका मुलासाठी बाकीच्यांच्या भावना दुखवता येत नाहीत! तेव्हा सरकारी पैसा म्हणजे समता, ही भाबडी समजूत सोडा.

हिशेबनीस

धारवाडचं उदाहरण तुम्हीच काढलंत हे बरं झालं, कारण ते प्रकरण तिथे संपलं नाही. ओरड वरपर्यंत गेली आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, आणि अंशतः मदत घेणारी शाळा जातीवरून प्रवेश नाकारत असेल तर मदत रोखण्याचा हक्क सरकारकडे राहील. अंमल किती झाला हा भाग वेगळा. बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. पण नियमाची रचना बघा. जितका सरकारी पैसा, तितकं बंधन. एक पैसाही न घेणाऱ्या शाळेला जाब विचारायला हा नियम पोचतच नाही. ज्याला आपण स्वाभिमान म्हणतो त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि ती महोत्सवी भाषणांत येत नाही.

बिनपगारी मास्तर

मी विनाअनुदानित शाळेत उमेदवारी केलेला माणूस आहे, त्यामुळे "त्यागी शिक्षक" वगैरे ऐकलं की अंगावर काटा येतो. संस्थाचालक पंधरा ऑगस्टच्या भाषणात आगरकरांचं नाव घ्यायचे आणि पगाराचं विचारलं की "टप्पा अनुदान येऊ द्या" म्हणायचे. त्या पिढीने त्याग स्वतःहून केला होता, आणि संस्थेचे मालकही तेच होते. मंडळात मत होतं त्यांना. आमच्या वाट्याला नुसता त्याग आला.

आणि तो त्यागही गोडीगुलाबीचा नव्हता. टिळक-आगरकर फाटले ते फक्त सुधारणेच्या प्रश्नावर नाही. पगारवाढ द्यायची की नाही, आजीव सदस्याने (संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकाने) बाहेर मिळवलेला पैसा कोणाचा, होळकरांनी दिलेल्या रकमेचं काय करायचं, असल्या व्यवहारी गोष्टींवरून बैठका तापायच्या. आगरकरांना घर चालवायचं होतं. टिळकांचं म्हणणं, एकदा व्रत घेतलं की घेतलं. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. मला विचाराल तर या भांडणात मी आगरकरांच्या बाजूचा. भुकेल्या मास्तरावर चालणारी शाळा फार दिवस चांगली राहत नाही.

शाईदौत

मास्तर, +१. पण अनुदान घेणाऱ्यांची दशाही विचारा. मुंबई इलाख्यात निकालावर पैसे द्यायची पद्धत होती. इन्स्पेक्टर यायचा, मुलांना उभं करून परीक्षा घ्यायचा, पास होणाऱ्यांच्या हिशेबाने रक्कम ठरायची. वर्षभर शिकवण्यापेक्षा त्या एका दिवसासाठी घोकून घेणं फायद्याचं. आजारी पोरालाही त्या दिवशी हजर करायचा मोह किती होत असेल!

कोपऱ्यातली

सगळी चर्चा मुलग्यांच्या शाळेवर चालली आहे. त्याच १८८४ साली पुण्यात रानडे-भांडारकर मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं, तीच हुजूरपागा. त्यांनी सरकारी मदत खुशाल घेतली. का? कारण मुलीच्या फीवर हायस्कूल चालवू म्हटलं असतं तर महिन्याभरात कुलूप लागलं असतं. लेकीसाठी पैसे मोजायला तेव्हा किती घरं तयार होती? त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पाचच्या वेळेवर तुटून कोण पडलं? मुलग्यांची शाळा स्वाभिमानाने चालवणारे टिळकच, आपल्या वर्तमानपत्रातून.

शनिवारातला

टिळकांची ती भूमिका मीही समर्थनीय मानत नाही. पण धाग्याचा विषय पैसा आहे. सोसायटीने पुढे सरकारी अनुदान घेतलंच, मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसन साहेबांची १२०० रुपयांची देणगी घेतली, कॉलेजला त्यांचं नाव दिलं. हिशेबनीस, मग तुमच्या मते ते चुकलं की सुधारलं? आधी घेतला नाही म्हणून दोष, नंतर घेतला तर काय म्हणणार?

हिशेबनीस

घेतला हे उत्तमच केलं. फक्त तो घेतल्यावर फी किती उतरली आणि पेठांबाहेरची किती मुलं वर्गात आली, याचा आकडा मला हवा आहे. जुने वार्षिक अहवाल कोणाच्या हाताशी असतील तर पटसंख्येचं पान इथे टाका. देणगीदारांची यादी नको, ती भिंतीवर लावलेली असते.