शेणात जंत दिसले नाहीत म्हणून औषध बोगस ठरत नाही

जंताचं औषध पाजूनही शेणात एक जंत पडला नाही, म्हणजे औषध बोगस, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. गाईच्या चौथ्या पोटातले गोलकृमी दोऱ्याएवढे बारीक असतात, मेले तरी शेणात नजरेस पडतीलच असं नाही. (पारडांत पडतात ते लांब पांढरे जंत वेगळे.) मोजायची ती अंडी. औषधाच्या दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी त्याच जनावरांचं शेण तपासून दर ग्रॅममागे किती अंडी ते बघायचं. सरासरी ४०० वरून १० वर आली तर औषध चाललं. ४० राहिली तर घट ९० टक्केच. घट ९५ टक्क्यांच्या खाली गेली की जंत औषधाला दाद देत नाहीत असा संशय घ्यायचा.

नमुना हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढा. गोठ्यात पडलेल्या शेणात मातीतले कृमी शिरतात. दहा-पंधरा वासरं-कालवडी घ्या, मोठ्या गाईंत अंडी मुळातच कमी. आणि औषधाला नावं ठेवण्याआधी वजन बघा! डोळ्यांच्या अंदाजाने ३०० किलोच्या गाईला २०० किलोचा डोस गेला तर चांगलं औषधही नापास होऊ शकतं. टेप लावा: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०, की साधारण किलो मिळतात. यकृतातल्या पर्णकृमीची (पानासारख्या चपट्या जंताची) अंडी मात्र जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवून बघायच्या चाचणीत सापडत नाहीत. ती तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगावी लागते.