फॅमिली ग्रुप: कुंपणावरची तीन पानांची वेल आणि अण्णांचे हात

प्राची: मंडळी जरा मदत हवीय. अण्णांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टे उठलेत, आज सकाळपासून त्यावर पाण्याचे फोड यायला लागलेत आणि खाज एवढी आहे की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी मी ओमला घेऊन सॉकरला गेले होते तेव्हा त्यांनी मागच्या अंगणातलं कुंपण साफ केलं, तेव्हाचंच काहीतरी असणार. फोटो टाकतेय. केतकी वहिनी बघ ना प्लीज

प्राची: [फोटो] [फोटो]

विनय: अरे बापरे. अण्णा काही वेगळं खाण्यात आलं का? की तिकडचा साबण बाधला?

अण्णा: काही वेगळे खाल्ले नाही. कुंपणावर वेल माजली होती ती उपटून काढली. उन्हात काम झाले, उष्णता असेल. उद्यापर्यंत बसेल. काळजी नसावी.

केतकी: अण्णा ही उष्णता नाही. प्राची दुसरा फोटो मोठा करून बघ, पट्टे एका रेषेत आहेत. खाण्यातून आलेली गांधी अशी रेषेत येत नाही, ती अंगभर कुठेही उठते. हे बाहेरून काहीतरी घासून गेलंय त्वचेवरून. त्या वेलीचा फोटो मिळेल का? हात लावू नकोस, लांबूनच काढ.

मंदार: प्राची एक मिनिट. वेलीला तीन तीन पानं आहेत का?

प्राची: बघून सांगते

प्राची: [फोटो] हो तीनच. थोडी अजून मेपलच्या खोडावर चढलेली आहे, ती अण्णांनी काढली नाही. आणि उपटलेल्याचा ढीग फायर पिटशेजारी ठेवलाय

मंदार: पॉइझन आयव्ही, इकडची अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल. शंकाच नको. काका तो ढीग जाळू नका!!! कृपा करून जाळू नका

अण्णा: संध्याकाळी जाळणार होतो. वाळली आहे आता.

मंदार: नको काका. वाळली तरी त्यातलं तेल तसंच राहतं आणि जाळलं की धुराबरोबर नाकातोंडात जातं, छातीत गेलं तर हॉस्पिटलची पाळी येते. आई सांगेल तुम्हाला काजूच्या धुराचं.

सुमनकाकू: होय हो भाऊजी, आपल्याकडे काजी भाजताना धूर अंगावर आला की डोळे कसे चुरचुरतात ते विसरलात काय. तसलंच आहे की काय हे?

मंदार: तसलंच काय आई, नातलगच आहे. आंबा, काजू, बिब्बा आणि ही वेल सगळे एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक, काजूच्या टरफलातलं तेल, बिब्ब्याचं तेल आणि हिच्यातलं तेल, एकमेकांच्या जवळचीच आहेत. हिच्यातल्याला उरुशिऑल म्हणतात.

केतकी: अगदी बरोबर. माझ्याकडे पुण्यात पॉइझन आयव्ही येत नाही पण बिब्बा उतलेले पेशंट येतात, आणि हातावरचं हे चित्र हुबेहूब तेच आहे. प्राची अण्णांनी त्या दिवशी घातलेला शर्ट कुठाय?

प्राची: धुवायला टाकलाय, अजून मशीन लावलं नाही. आई म्हणतेय त्यावर काळे डाग पडलेत, तिने काल साबण लावून घासले पण निघत नाहीयेत. पांढरा शर्ट होता

सुमनकाकू: काळे डाग?? मग बिब्ब्याची बहीणच ही. पूर्वी परीट बिब्ब्यानेच कपड्यावर खूण करायचे, कपडा फाटेल पण खूण जायची नाही.

मंदार: हो तेच. रस हवेला लागला की काळा पडतो. तोडलेल्या पानांच्या कडेला पण काळे ठिपके दिसतील बघ. प्राची काकूला सांग तिने शर्ट हाताने घासलाय तर आत्ता लगेच हात धू म्हणावं, नखांच्या खालून सुद्धा.

प्राची: सांगितलं, गेली धुवायला. मंदारदादा पण मला सांग ओळखायची कशी, कारण आमच्याकडे दुसऱ्या बाजूला पण एक वेल आहे आणि ओम तिथे बॉल आणायला जातो

मंदार: सगळ्यात आधी देठ बघ. तीन पानांपैकी मधल्या पानाचा देठ लांब असतो आणि बाजूची दोन जवळजवळ देठालाच चिकटलेली असतात. बाजूच्या पानांची एक बाजू फुगीर आणि एक बाजू लहान असते, कधी कधी अंगठ्यासारखा एक कंगोरा बाहेर आलेला असतो. आणि फांदीवर ही तीन-तीनची जोडणी समोरासमोर येत नाही, एक इकडे एक तिकडे अशी येते, हे महत्त्वाचं कारण बॉक्स एल्डर नावाच्या झाडाची रोपं पण तीन पानांची असतात पण त्यांची पानं समोरासमोर असतात. काटे असले तर ती रासबेरी-ब्लॅकबेरीची जाळी समज, हिला काटे नसतात. आणि पाच पानं असली तर ती व्हर्जिनिया क्रीपर, तिला मात्र हिच्याबरोबर एकाच झाडावर वाढायची सवय आहे त्यामुळे पाच पानं दिसली म्हणून बिनधास्त हात घालू नकोस.

मंदार: आणि रंगावर जाऊ नकोस, एप्रिल-मेमध्ये कोवळी पानं तांबूस चकचकीत असतात, उन्हाळाभर हिरवी, ऑक्टोबरमध्ये इतकी सुंदर लाल-केशरी होतात की मुलं पानं गोळा करायला जातात. थंडीत पानंच नसतात पण खोडाला तेल असतंच. जुनी वेल झाडावर चढलेली असेल तर तिच्या खोडाला तपकिरी केस असतात दाट, ती मुळं असतात झाडाला धरायची. तुझ्या मेपलवर फोटोत तेच दिसतंय मला.

प्राची: बाप रे हो. मला वाटायचं ते झाडाचंच काहीतरी आहे. दुसऱ्या बाजूची वेल पाच पानांची आहे, बघून आले

विनय: पण मंदार, मी वाचलं होतं की पहिल्यांदा लागलं तर पुरळ यायला आठवडा, कधी तीन आठवडे पण लागतात. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत आलेत, मग दोन दिवसात कसं उठलं?

केतकी: मला पण हाच प्रश्न पडला होता. शरीराला त्या तेलाची आधी ओळख झालेली असावी लागते, मग पुढच्या वेळी एक-दोन दिवसात पुरळ येतं. अण्णा, तुम्हाला लहानपणी कधी बिब्बा उतला होता का? किंवा काजूचं तेल?

अण्णा: काजूचे तेल. मी चौथीत असेन. कुडाळला मागल्या दारी काजी भाजत होतो, तेल उडाले. तोंड सुजून डोळे मिटले होते. शाळा बुडाली. आईने खोबरे वाटून लावले होते.

केतकी: मग शक्यता तीच आहे. काजूच्या तेलाने तयार झालेली अॅलर्जी या वेलीला पण लागू पडते कारण रेणू सारखेच आहेत. शरीराने पन्नास-साठ वर्षं लक्षात ठेवलंय.

सुमनकाकू: प्राची खोबरेल लाव गो त्यांच्या हाताला जाड थर. काजूच्या कारखान्यात बायका हाताला तेल नाहीतर राख लावूनच बसतात.

केतकी: काकू त्या बायका आधी लावतात, म्हणजे चीक त्वचेपर्यंत पोचत नाही. ते बरोबरच आहे त्यांचं. पण लागल्यानंतर न धुता वर तेल चोळलं तर आतलं तेल आणखी पसरतं. आधी धुणं महत्त्वाचं. प्राची, अण्णांनी शनिवारी काम झाल्यावर आंघोळ केली होती का?

आई: हात धुतले होते नुसते, आंघोळ रात्री केली. आणि मधल्या वेळात चष्मा पुसला, टीव्हीचा रिमोट घेतला, सगळीकडे हात लागला असेल. आता ओमला जवळ घेत नाहीयेत कालपासून, त्याला होईल म्हणून. पोरगं सारखं विचारतंय आजोबा का रागावले

केतकी: आई, हे अगदी मनावर घ्या, पुरळ संसर्गजन्य नाहीये. फोड फुटून पाणी आलं तरी त्या पाण्यात ते तेल नसतं, त्यामुळे ना ओमला होणार ना अण्णांच्या अंगावर दुसरीकडे पसरणार. अण्णांनी आंघोळ केलेली आहे, त्यांच्या अंगावर आता तेल नाही. ओमला खुशाल मांडीवर घ्या अण्णा.

प्राची: पण वहिनी पसरतंय ना, आज कानामागे नवीन आलंय, काल नव्हतं

केतकी: दोन कारणं असतात. जिथे तेल जास्त लागलं किंवा कातडी पातळ तिथे लवकर उठतं, बाकी ठिकाणी उशिरा, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. आणि दुसरं म्हणजे वस्तूंवर राहिलेलं तेल परत परत लागणं. कानामागे म्हणजे मला चष्म्याची दांडी वाटतेय.

मंदार: शंभर टक्के चष्मा. प्राची आता अण्णांना सोड आणि वस्तूंच्या मागे लाग. हे तेल उडून जात नाही, कुदळीच्या दांड्यावर वर्षानुवर्षं राहतं. भांडी घासायचं लिक्विड घे, डॉन वगैरे काही पण जे तेलकट कढई साफ करतं ते, ग्लोव्हज घालून चष्मा, घड्याळाचा पट्टा, रिमोट, मागच्या दाराचं हँडल, खुरपं, कात्री, बुटांच्या लेस पण, लेस लोक हमखास विसरतात. कपडे बाकीच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून. तुमच्याकडे कुत्रा नाही ते बरं, नाहीतर त्याला पण आंघोळ घालावी लागली असती, त्यांना सहसा पुरळ येत नाही पण केसांना तेल लागतं आणि मग आपण त्यांना कुरवाळतो.

प्राची: आमच्याकडे नाही पण शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाखालून येतो आणि ओम त्याच्याशी खेळतो. त्यांना सांगायला हवं

मंदार: सांगच. आणि पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनीच लक्षात ठेवा, लागल्याचं कळलं की पहिल्या दहा मिनिटांत साबण आणि भरपूर पाणी, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, फडक्याने चोळून काढायचं, दोन-तीनदा. तासाभराने धुतलं तरी थोडा फायदा होतोच. मी ट्रेलवर जाताना बॅगेत रबिंग अल्कोहोलचे वाइप्स आणि टेक्नू, म्हणजे हे तेल धुवून काढायचं लिक्विड, ठेवतो.

प्राची: वहिनी आता लावू काय? घरी कॅलामाइन आहे, बेनाड्रिलची क्रीम आहे, अॅलर्जीवरची

केतकी: कॅलामाइन चालेल. थंड पाण्याच्या घड्या दिवसातून तीन-चारदा, ओटमीलचं पाणी केलंस तर त्यात हात बुडवून बसू देत. बेनाड्रिल क्रीम नको, त्या क्रीमची स्वतःचीच अॅलर्जी होऊ शकते, आधीच चिडलेल्या कातडीवर तर नकोच. बेनाड्रिलच्या गोळ्या पण अण्णांना देऊ नकोस, या वयात लघवी अडकते, रात्री उठताना तोल जातो. फोड फोडायचे नाहीत, वरची साल झाकणाचं काम करते. नखं कापून टाका आज.

आई: डावी पापणी पण सुजलीय आता, मघाशी बघितलं मी

केतकी: मग घरी थांबायचं नाही. चेहऱ्यावर, डोळ्यापाशी आलं, किंवा खूप मोठ्या भागावर असलं, ताप आला, पू दिसला, तर डॉक्टर लागतोच. श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी. प्राची आज अर्जंट केअरला ने.

अण्णा: डॉक्टर नको. इथला खर्च मला माहीत आहे. बरे होईल.

विनय: अण्णा इन्शुरन्स काढलाय तो कशासाठी? डोळ्याचं आहे हे. प्राची तू गाडी काढ, मी अण्णांना फोन करतो आत्ता

केतकी: आणि प्राची नीट ऐक, ते बहुतेक पोटातून स्टेरॉइड देतील, प्रेडनिसोन. अण्णांना शुगर आहे हे आधी सांग, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, कारण प्रेडनिसोनने साखर चांगलीच वर जाते. आणि कोर्स किती दिवसांचा ते विचार. पाच-सहा दिवसांचं पाकीट दिलं तर संपल्यावर पुरळ परत उसळतं, यात दोन ते तीन आठवडे हळूहळू कमी करत न्यावं लागतं. त्यांना नम्रपणे विचार, अजिबात संकोच करू नको.

प्राची: ओके निघतोय

प्राची: आलो परत. डोळ्याच्या आत काही नाही, फक्त पापणी. प्रेडनिसोन दिलंय, आधी सहा दिवसांचंच लिहीत होत्या, मी शुगरचं आणि परत उसळण्याचं विचारल्यावर त्यांनी स्वतः पुन्हा बघितलं आणि दोन आठवड्यांच्या वर कमी कमी करत जायचा कोर्स लिहून दिला. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. शुगर दिवसातून तीनदा बघायला सांगितलीय आणि किती वर गेली तर फोन करायचा तो आकडा लिहून दिलाय. वहिनी तू सांगितलं नसतंस तर मला विचारायचं सुचलंच नसतं

केतकी: छान. रोजचे आकडे मला पाठव. भात आणि आंबा थोडे दिवस कमी अण्णा.

सुमनकाकू: आंबा खाल्ल्याने वाढेल काय हे पण?

केतकी: गरात काही नसतं काकू, सालीत आणि देठाच्या चिकात असतं. ज्यांना या वेलीची अॅलर्जी झालीय त्यांच्या ओठांना आंब्याची साल लागली की पुरळ येऊ शकतं. त्यामुळे अण्णांनी आंबा चोखून खायचा नाही, साल काढून दुसऱ्या कोणीतरी फोडी करून द्यायच्या, आणि त्या पण शुगर जाग्यावर आल्यावर.

अण्णा: ठीक आहे. ओम मांडीवर बसला आहे. खाज थोडी कमी. पण ती वेल मुळापासून काढली पाहिजे, नाहीतर पुन्हा फुटणार. मूळ शेजाऱ्यांच्या बाजूला आहे असे दिसते.

मंदार: काका तुम्ही नाही काढायची, मी शनिवारी येतो. मेपलवरची वेल ओढायची नसते, बुंध्यापाशी कापायची आणि कापलेल्या टोकाला लगेच तणनाशक लावायचं, वरची आपोआप वाळते, वाळली तरी हात लावायचा नाही. ढीग मीच जाड पिशव्यांमध्ये डबल बांधून कचऱ्यात देतो, कंपोस्टमध्ये किंवा पालापाचोळ्याच्या पिशवीत टाकायचा नाही. पाखरं हिची पांढरट फळं खातात आणि कुंपणावर बसून बिया टाकतात त्यामुळे पुढच्या वर्षी कुंपणाच्या कडेने रोपं येणार, ती लहान असतानाच बघायची. शेजाऱ्यांकडे पण आपण दोघं जाऊन सांगू, त्यांच्या बाजूने कापायला लागेल.

प्राची: ये, जेवायलाच ये. काय आणून ठेवू?

मंदार: नायट्राइलचे मोठे ग्लोव्हज, लेटेक्सचे नको, त्यातून हे तेल आत जातं. आणि जाड कचऱ्याच्या पिशव्यांचा एक बॉक्स.