स्वतंत्र फॅशन छायाचित्रकाराने अलीकडचे शूट आणि प्रसिद्ध काम कसे मांडावे?

प्रश्न : कॅमेरा दारव्हा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहून स्वतंत्रपणे फॅशन छायाचित्रण करते. माझी बहुतेक कामे नागपूर आणि अमरावती येथील बुटीक व साडी विक्रेत्यांकडून येतात. उरलेली मी स्वतःच्या कल्पनेने, मॉडेल आणि मेकअप करणाऱ्या मैत्रिणींना सोबत घेऊन, कोणी कोणाला पैसे न देता करते. आता मुंबई-पुण्याच्या वस्त्रनिर्मात्यांना आणि काही मासिकांना पाठवण्यासाठी पोर्टफोलिओ तयार करायचा आहे. त्यात ‘अलीकडचे शूट’ आणि ‘प्रसिद्ध काम’ (म्हणजे छापून आलेले) असे दोन भाग ठेवण्याचा विचार आहे, मात्र कोणते काम कोठे ठेवावे हे ठरत नाही.

अलीकडच्या कामांपैकी मला सर्वांत जवळचे वाटते ते भंडारा जिल्ह्यातील मोहाडी येथे केलेले कोशाच्या (टसर रेशमाच्या) करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या, साड्यांचे लुकबुक (विक्रीच्या कपड्यांचा छायाचित्रसंच). एका विक्रेत्याने मोबदला देऊन ते करून घेतले असून त्यातील निवडक छायाचित्रे त्याने आपल्या पानावर टाकली आहेत. दुसरे काम माझे स्वतःचे आहे : वेचणीच्या हंगामात पऱ्हाटीच्या शेतात खादीचे कपडे घातलेली मॉडेल उभी असून मागे कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात. याखेरीज ऑनलाइन विक्रीसाठी पांढऱ्या पडद्यासमोर काढलेल्या कुर्त्यांची शेकडो छायाचित्रे आहेत, ज्यांवर माझे घर चालते.

छापून आलेले काम थोडे आहे. एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आणि एका दैनिकाच्या पुरवणीतील दोन छायाचित्रे, एवढेच. परदेशातील एका इंग्रजी ऑनलाइन मासिकाने शेतातील मालिका ‘स्वीकारली’ असे कळवले आहे, परंतु मुखपृष्ठावर छायाचित्र हवे असल्यास शुल्क भरावे लागेल आणि छापील प्रत विकत घ्यावी लागेल अशी अट घातली आहे. ते शुल्क भरून ‘प्रसिद्ध’ म्हणवून घ्यावे का? आणि मोहाडीच्या विक्रेत्याने न वापरलेली छायाचित्रे मी माझ्या नावाने दाखवू शकते का?

उत्तर : धंतोली स्टुडिओ

ताई, शुल्काचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. भरू नका. प्रसिद्ध कामाला किंमत येते ती ज्याला तुमच्याशी काही देणेघेणे नाही अशा संपादकाने शंभर छायाचित्रांतून तुमचे निवडले म्हणून. ज्या मासिकाचे उत्पन्न वाचकांकडून किंवा जाहिरातदारांकडून येत नसून छायाचित्रकारांकडूनच येते, तेथे निवड झाली असे म्हणता येत नाही. काम देणाऱ्या माणसाला अशा मासिकांची नावे तोंडपाठ असतात आणि ते नाव पाहून तो उरलेल्या पानांकडेही संशयाने पाहतो. तुमच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ या इंग्रजी नावापेक्षा कितीतरी वजनदार आहे, मग तो अंक जिल्ह्याबाहेर फारसा गेला नसला तरी.

कुर्त्यांची छायाचित्रे मुख्य पोर्टफोलिओत घालू नका. त्यात कमीपणा काही नाही, माझाही स्टुडिओ त्यावरच उभा आहे. परंतु ती कोणी काढली हे ती पाहून सांगता येत नाही, आणि पोर्टफोलिओ तर तेवढ्यासाठीच असतो. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांची चेहऱ्यावरच्या प्रकाशाची जाण किंवा फॅशन छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता (१९५६–२०१२) यांचे कृष्णधवल काम नाव न वाचताही ओळखू येत असे. कॅटलॉगचे काम मागणारा ग्राहक वेगळा असतो. त्याच्यासाठी वेगळी फाइल ठेवा आणि त्यात एकाच कुर्त्याचे समोरून, मागून आणि कापड जवळून असे पूर्ण संच दाखवा, कारण त्याला नेमके तेच पाहायचे असते.

मोहाडीच्या कामात मी एक गोष्ट बारकाईने पाहीन, ती म्हणजे कोशाचा रंग. न रंगवलेल्या कोशाला मधासारखी झाक असते आणि कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल साधणारी सोय) ती झाक ‘सुधारायला’ जातो, त्यामुळे साडी राखाडी, निर्जीव दिसू लागते. प्रत्येक जागी ग्रे कार्डचे (रंग जुळवण्यासाठीच्या राखाडी पुठ्ठ्याचे) एक छायाचित्र घेतले असेल तर रंग परत आणता येतो. प्रकाश समोरून सपाट पडला की सुताचा जाड-बारीकपणा नाहीसा होतो, आणि कोशाची ओळख तर त्यातच आहे. कवेलूच्या घराच्या ओसरीत दाराकडून तिरपा येणारा सकाळचा प्रकाश त्यासाठी कोणत्याही सॉफ्टबॉक्सपेक्षा (प्रकाश मऊ करणाऱ्या दिव्याच्या पेटीपेक्षा) चांगला, असे माझे मत आहे.

शेतातील मालिका मात्र मी पूर्णपणे काढून टाकली असती. छायाचित्रे न पाहता बोलतो आहे, तरीही कष्टकरी बायांना मॉडेलच्या मागे नेपथ्य म्हणून उभे करणे मला पटत नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यात तर मुळीच नाही.

उत्तर : अंकाची मांडणी

मी काही वर्षे दिवाळी अंकांची मांडणी करतो आहे, त्यामुळे छापील कामापुरतेच लिहितो.

प्रसिद्ध कामाच्या भागात मूळ छायाचित्र न ठेवता छापलेले पान ठेवावे : अंकाचे नाव, वर्ष आणि श्रेयनामावली वाचता येईल असे स्वच्छ स्कॅन केलेले. तुमचे नाव छापले नसेल तर संपादकांकडून तसे दोन ओळींचे ईमेल मागून घ्या. चांगला संपादक ते नाकारत नाही. पुरवणीतील छायाचित्रे लहान छापली असली तरी तीही ठेवा. त्यांच्याखाली मॉडेल, मेकअप, कपडे आणि दागिने कोणाचे हे लिहा, कारण ही नावे गाळणारा छायाचित्रकार पुढच्या वेळी त्याच माणसांना बोलावू शकत नाही.

मासिकांना पाठवायचे काम आधी कोठेही आलेले नसावे, ही अट बहुतेक ठिकाणी असते. इन्स्टाग्रामवर टाकलेले छायाचित्रही अनेक संपादक ‘आलेले’ समजतात. म्हणून शेतातील मालिका अजून कोठे टाकली नसेल तर थांबा. वेळेचेही एक गणित आहे. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ पावसाळ्यातच ठरते, आणि आपल्याकडे पऱ्हाटी पांढरी होते ती दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर. त्यामुळे या हंगामात टिपलेला कापूस पुढच्या वर्षीच्या अंकालाच उपयोगी पडतो. पळसाचे तसेच : फाल्गुनात काढा, आषाढात पाठवा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून सजलेल्या स्त्रीची प्रतिमा या अंकांच्या मुखपृष्ठांवर कायम येत राहिली आहे. तेव्हा साडीच्या छायाचित्राला जागा मिळते, मात्र त्याच त्या दिवा घेतलेल्या मुद्रेला आता संपादकही कंटाळले आहेत.

छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, त्यात ते आक्रसते. एफोर आकाराच्या पूर्ण पानाला ३०० डीपीआयने २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, आणि कडेला कापण्यासाठी चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जास्त. मुखपृष्ठासाठी वरचा भाग मोकळा ठेवून एक तरी उभे छायाचित्र घ्यावे. मॉडेलचे डोके चौकटीच्या वरच्या कडेला टेकले असेल तर अंकाचे नाव तिच्या कपाळावर छापावे लागते, आणि मग ते छायाचित्र कितीही सुंदर असले तरी आम्ही बाजूला ठेवतो.

उत्तर : अमरावती वकील

न वापरलेल्या छायाचित्रांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती असते. परंतु कर्ती तीच मालक, असे नेहमीच होत नाही. कलम १७ मधील एका अपवादानुसार, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि त्याविरुद्ध करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. नोकरीत नसलेल्या छायाचित्रकाराला हे बहुधा माहीत नसते. म्हणजे मोहाडीच्या कामात लेखी काही ठरले नसेल तर वापरलेली आणि न वापरलेली अशी दोन्ही छायाचित्रे विक्रेत्याची आहेत असे म्हणण्यास त्याला आधार मिळतो, आणि ती पोर्टफोलिओत घेण्यासाठी त्याची परवानगी असलेली बरी.

कलम ५७ मात्र तुमच्या बाजूचे आहे. प्रताधिकार दुसऱ्याकडे असला तरी ‘हे मी काढले’ असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास तक्रार करता येते. शेतातील मालिका कोणी पैसे देऊन करून घेतलेली नसल्याने तिचा प्रताधिकार तुमचा आहे आणि तो तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रांची मुदत प्रसिद्धीपासून मोजली जात असे. ते इंग्रजी मासिक ‘सर्व हक्क’ लिहून मागत असेल तर त्या कागदावर सही करण्यापूर्वी मुदत आणि प्रदेश पाहा. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, असे धरले जाते.

पुढच्या कामांसाठी कोटेशनच्या खालीच दोन वाक्ये छापून घ्या : प्रताधिकार छायाचित्रकाराकडे राहील, आणि ग्राहकाला अमुक काळ, अमुक माध्यमात वापराचा परवाना असेल. ग्राहक पहिल्या वाक्यास नाही म्हणाला तर निदान पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभा लिहून घ्या. ती सहसा कोणी नाकारत नाही.

उत्तर : मोहाडीचा माग

आमच्या घरात कोसा विणला जातो. छायाचित्रे पाहिल्याशिवाय अधिक बोलणे योग्य नाही, पण साडीच्या छायाचित्रात आम्ही सर्वप्रथम काठ पाहतो, एवढे सांगतो. करवतीच्या दात्यांचा काठ सुती असतो आणि अंग कोशाचे. दोन्ही काठांना आणि अंगाला वेगवेगळे धोटे (आडवे सूत नेणारी मागाची साधने) लागतात, म्हणून वेळही अधिक जातो. मॉडेलच्या निऱ्यांत काठ दडला तर ती साडी यंत्रमागाची की हातमागाची, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. मालिकेत एक तरी छायाचित्र असे असावे, ज्यात दाते मोजता येतील.

दुसरे असे की मेकअप करणाऱ्या ताईचे नाव श्रेयात येते, तर विणणाऱ्याचे का येऊ नये? विक्रेत्याला ते नको असते, कारण मग ग्राहक थेट आमच्याकडे येतो. तुमच्या पोर्टफोलिओत तरी ‘विणकाम : मोहाडी’ एवढे लिहा, आणि घरच्या लोकांची हरकत नसेल तर नावही लिहा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कॅमेरा दारव्हा

सर्वांचे आभार. विक्रेत्याला आजच ईमेल केले आहे, आणि विणकरांचे नाव त्यांना विचारून घालणार आहे. मासिकाला नकार कळवते.

शेतातील मालिकेबद्दल मात्र धंतोलीच्या दादांशी मी पूर्ण सहमत नाही. शेत आमच्याच नात्यातील आहे, बाया ओळखीच्या आहेत आणि त्यांनी हसत होकार दिला होता. वेचणी वजनावर असल्याने त्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून त्यांना थांबवलेही नाही. खादी ज्या कापसापासून होते तो वेचणाऱ्या बाया चौकटीत असू नयेत, हा नियम मला विचित्र वाटतो. मग कापूस आकाशातून पडतो असे दाखवायचे का?

उत्तर : धंतोली स्टुडिओ

ताई, मुद्दा मान्य आहे, त्या चौकटीबाहेर असाव्यात असे मला म्हणायचे नव्हते. अडचण आहे ती त्या मागे, अंधूक आणि पाठमोऱ्या असण्याची. आयर्विंग पेन या अमेरिकन फॅशन छायाचित्रकाराने १९४८ साली पेरूमध्ये फॅशनचे काम संपल्यावर कुस्को येथील एका छायाचित्रकाराचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि तेथील लोकांना त्यांच्या रोजच्या कपड्यांत, खिडकीच्या प्रकाशात, कॅमेऱ्यासमोर उभे केले. पुढे तो तंबूचा फिरता स्टुडिओच घेऊन देशोदेशी हिंडला. रिचर्ड अ‍ॅव्हेडन या दुसऱ्या अमेरिकन फॅशन छायाचित्रकाराने १९७९ पासून अमेरिकेच्या पश्चिम भागातील कामगारांची छायाचित्रे काढली, तीही उघड्यावर, सावलीत, मागे पांढरा कागद लावून. दोघांवरही टीका झाली, हे खरे. परंतु त्यांच्या छायाचित्रांतील माणूस दुसऱ्या कोणाच्या कपड्यांची पार्श्वभूमी नव्हता.

तुमच्याकडे दुसरा वेचा अजून व्हायचा असेल तर शेतातील मांडवाच्या किंवा गोठ्याच्या सावलीत एक पांढरे मांजरपाट बांधा आणि त्याच बायांना, कमरेला कापसाची ओटी बांधलेली असतानाच, एकेकीला समोर उभे करा. मॉडेललाही त्याच कापडासमोर, त्याच प्रकाशात घ्या. दुपारच्या उन्हाची भीती नको, कारण समोरच्या उजळ जमिनीवरून उसळणारा प्रकाश सावलीत चांगला भरतो. फक्त मागच्या कापडावर थेट ऊन येऊ देऊ नका. मॉडेलला मानधन देत असाल तर त्यांनाही त्या वेळेची मजुरी द्या, छायाचित्र छापण्याची संमती मराठीत वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्या, आणि पुन्हा शेतात जाल तेव्हा छापील प्रती घेऊन जा. मग जुन्या मालिकेतील दोन-तीन रुंद छायाचित्रे त्यांच्या शेजारी ठेवता येतील. ती मालिका मी ‘अलीकडचे शूट’ या भागात पहिल्या पानावर ठेवीन, मोहाडीच्या आधी.

उत्तर : अंकाची मांडणी

तशी मालिका झाली तर इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी आमच्याकडे पाठवा, ताई. उभ्या चौकटीत आणि वर जागा सोडून. मानधन मोठे नसते, पण नाव मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ठळक छापतो, आणि वेचणाऱ्या बायांची नावेही छापू.