चार चॅनेलचा अँप, पुढे कंपोनंट, डिकीत सबवूफर: वायरिंग आणि गेनबद्दल मदत हवी

पहिलाच_अँप

गाडीत पहिल्यांदाच अँप (स्पीकरांसाठी आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवतोय. सामान असं: क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अँप, ४ ओमला ७५ वॉट आरएमएसचे (म्हणजे सलग मिळणारे वॉट) चार चॅनेल, ब्रिज केल्यावर (दोन चॅनेल एकत्र जोडून) ४ ओमला २२० वॉट. अँपवर ५० अँपिअरचा फ्यूज आहे. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट संच (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे). १० इंची सबवूफर (सब, खर्जाचा स्पीकर) आहे, त्याला दोन कॉइल, प्रत्येकी ४ ओम. स्टिरिओला आरसीएच्या (अँपकडे सिग्नल नेणाऱ्या जोडण्यांच्या) दोन जोड्या आहेत. अँप डिकीत ठेवणार, म्हणजे बॅटरीपासून साधारण ५ मीटर वायर लागेल.

वायर किती जाड घ्यायची? सब मागच्या दोन चॅनेलवर ब्रिज करून चालेल का? आणि गेन नेमका कुठे ठेवायचा?

तांब्याची_तार

आधी हिशोब. पुढे ७५ + ७५ आणि सबला २२०, एकूण ३७० वॉट. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ४६० वॉटच्या आसपास ओढले जातील. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ३४ अँपिअर. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर ५ मीटरला पुरते (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). पुढे दुसरा अँप जोडायचा विचार असेल तर आत्ताच ४ गेज टाका, कार्पेट दुसऱ्यांदा उचलायचं काम वाचेल. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मात्र त्याच गेजची घेऊ नका. तिचा रोध बराच जास्त असतो, त्यामुळे दोन पायऱ्या जाड घ्यावी लागते. ओळखायची खूण: टोक सोलून चाकूनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. (कथिलाचा थर दिलेलं तांबं बाहेरून चंदेरी आणि आत लाल दिसतं, ते चांगलं.)

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अँपवरचा फ्यूज अँपसाठी असतो, हा वायरसाठी. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या कडेनं वायरचं आवरण कापलं गेलं तर बॅटरीतला सगळा प्रवाह थेट बॉडीत जाईल आणि आग लागेल. तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालाच. ८ गेजला ५० अँपिअरचा फ्यूज ठीक.

ग्राउंडची वायरही तेवढीच जाड, आणि अर्ध्या मीटरपेक्षा लहान. जागा निवडली की पॉलिश पेपरनं रंग आणि प्रायमर पूर्ण घासून पत्रा चकचकीत करा, क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) लावा, खाली दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, वरून ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला ग्राउंड जोडू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे, त्याचा टॉर्क बिघडवायचा नाही.

काम सुरू करताना सर्वात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं आणि सर्वात शेवटी लावायचं. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात नको. रिमोटची वायर (स्टिरिओ लावला की अँप चालू करणारी) स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडा. नुसती निळी बहुतेक वेळा अँटेनाची असते. काही स्टिरिओंत ती फक्त रेडिओ लावल्यावरच चालू होते, आणि मग इतर वेळी अँप बंद का पडतो हे शोधत बसावं लागतं.

खर्ज

वायरिंगचं वर नीट आलंय. मला सबची काळजी वाटते. दोन ४ ओमच्या कॉइल समांतर जोडल्या की २ ओम होतात, एकसरीत ८. ४ ओम कुठल्याच जोडणीत मिळत नाही. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला भाराच्या निम्माच रोध दिसतो, म्हणजे २ ओमचा सब लावला की प्रत्येक चॅनेलला १ ओम. अँप तापून प्रोटेक्टमध्ये जाईल (स्वतःला वाचवायला बंद पडेल), नाहीतर जळेल. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायची युक्तीही नको. सबची वॉट झेलायची क्षमता निम्मी होते आणि कोनवरचा ताबा बिघडतो.

दोन रस्ते आहेत. एकसरीत ८ ओमवर चालवा, २२० ऐवजी अंदाजे ११० वॉट मिळतील. बॉक्स नीट हवाबंद असेल तर गाडीच्या बंद जागेत तेवढ्यातही खर्ज चांगला ऐकू येतो. किंवा सब बदलता येत असेल तर दोन २ ओम कॉइलचा घ्या, एकसरीत बरोबर ४ ओम. बदलता आला तर मी दुसराच रस्ता सुचवेन.

ब्रिजसाठी कुठले दोन स्क्रू वापरायचे ते अँपवर छापलेलं असतं, बहुधा डावा प्लस आणि उजवा मायनस. स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावायची नाही, कधीच नाही.

सपाट_इक्वलायझर

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँपचं इनपुट जुळवायचं, एवढंच त्याचं काम. मल्टिमीटरनं असा लावा:

१. सगळे स्पीकर अँपवरून सुटे करा. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर शून्यावर. अँपचे फिल्टर बंद.
२. गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज कमाल पातळीच्या तीन चतुर्थांशावर.
३. ० डेसिबलचा साइन टोन वाजवा, सबसाठी ५० हर्ट्‌झ. पुढच्या स्पीकरांसाठी १ किलोहर्ट्‌झ सांगतात, पण साधे मीटर ४०० हर्ट्‌झच्या वर खात्रीचे नसतात, म्हणून १०० हर्ट्‌झ वापरा.
४. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू वाढवा. लक्ष्य व्होल्टेज म्हणजे वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. पुढे ७५ × ४ = ३००, म्हणजे १७.३ व्होल्ट. ब्रिजला २२० × ४ = ८८०, म्हणजे २९.७. सब ८ ओमला लावला तरी २९.७ च्या वर जाऊ नका, अँपची मर्यादा व्होल्टेजची आहे.

कंपोनंटची आरएमएस क्षमता ६० वॉट असेल तर ७५ ऐवजी ६० धरा, १५.५ व्होल्ट. मग पुढे हायपास (त्याखालचा खर्ज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्‌झ, सबला लोपास (त्यावरचा आवाज अडवणारा) ८०. हायपास न लावता दारातल्या साडेसहा इंचीला खोल खर्ज पाठवला की कॉइल आपटते आणि स्पीकर फाटतो.

सगळं जोडल्यावर खर्ज पोकळ वाटला तर एका बाजूच्या प्लस-मायनसची अदलाबदल झालेली असते. अँपवरून त्या वूफरची वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर आला पाहिजे.

पहिलाच_अँप

सब बदलून दोन २ ओम कॉइलचा घेतला, गेनही वरच्याप्रमाणे लावला. आवाज स्वच्छ आहे, पण ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शीळ येते. वेग वाढेल तशी ती चढते.

तांब्याची_तार

ती अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) शीळ. गाडी बंद करून अँपवरचे आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शीळ तशीच राहिली तर ग्राउंड तपासा: गाणं जोरात लावून अँपचं ग्राउंड आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात डीसी व्होल्ट मोजा. ०.२ पर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर रंग नीट घासलेला नाही किंवा लग ढिला आहे.

आरसीए काढल्यावर शीळ गेली तर ती सिग्नलच्या वाटेनं येतेय. आरसीए पॉवरच्या वायरीला लागून आणली असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या. तरीही राहिली तर स्टिरिओच्या आरसीएची बाहेरची कडी आणि स्टिरिओची बॉडी यांच्यात रोध मोजा, आरसीए अँपवरून काढलेले असतानाच. जवळपास शून्य यायला हवा. मोठा आकडा आला तर स्टिरिओच्या आतला बारीक ग्राउंड फ्यूज उडालाय. अँप चालू असताना आरसीए काढ-घाल केली की हे होतं.

गेन कमी करून शीळ लपवू नका, आधी वाट शोधा. आकडे इथे टाका.