मदत हवी आहे: नेरूळच्या रो-हाऊसचं गॅरेज मागे वाढवायचंय, खड्डा खोदू की नको?

मंडळी, नमस्कार.

नेरूळला खाडीच्या बाजूला आमचं कोपऱ्याचं रो-हाऊस आहे. गॅरेज घराच्या कडेला, आतून १६ फूट लांब, ९ फूट रुंद, उंची साडेआठ. मंजूर नकाशात आहे, नकाशा कपाटात आहे. मागच्या भिंतीपलीकडे १० फूट मोकळी जागा, तिथे धुण्याचा दगड आणि कढीपत्ता.

गॅरेजात वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. गाडी जेमतेम १३ फूट लांब, पावणेपाच फूट रुंद, म्हणजे मावते. पण बॉनेट उघडून पुढे उभं राहिलं की पाठ भिंतीला घासते, आणि मागे काही करायचं तर शटर उघडून शेपूट रस्त्यावर काढावं लागतं.

मी मेकॅनिक नाही. आठवडाभर ऑफिस, रविवारी हात काळे. पॉइंट, प्लग, कार्बोरेटर, ब्रेक शू घरीच करतो. अडतं ते क्लचप्लेटला. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा, मग गिअरबॉक्स खाली घ्या, आणि हे सगळं उताणं झोपून. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गिअरबॉक्स निसटून छातीवर बसला. मुलगा क्लासवरून येईपर्यंत दहा मिनिटं तसाच पडून होतो, वरून शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन हाका मारतायत. त्या दिवशी ठरवलं, मागची भिंत पाडून सहा फूट जागा वाढवायची आणि गाडीखाली उतरून काम करता यावं म्हणून चार फुटी खड्डा घ्यायचा.

कंत्राटदार पाहून गेला. "साहेब, भिंत पाडू, वर पत्रा टाकू, खड्डा खणू, आठवड्यात मोकळे." परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "पत्र्याला कोण विचारतंय?" हे ऐकूनच पोटात गोळा आला, म्हणून इथे लिहितोय.

खड्डा घ्यावा की लिफ्ट बसवावी? पत्र्याला खरंच परवानगी लागत नाही का? सध्याची कोटा लादी चालेल का? (एक लादी जॅकखाली फुटली आहे.) आणि बायको म्हणते, वाढवताच आहात तर वॉशिंग मशीनही तिथेच ठेवू. याला हो म्हणू का?

खाडीकाठचा
खड्ड्याचं आधी. तुमच्या बाजूचा बराच भाग सखल, भराव घातलेला. सिडकोने होल्डिंग पॉन्ड उगाच नाही ठेवले. भरतीला खाडीकडच्या झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. अशा जमिनीत चार फूट खाली गेलात तर जुलैमध्ये तुमची पद्मिनी विहिरीवर उभी असेल. कंत्राटदाराला पैसे देण्याआधी मागच्या अंगणात पहारीने दोन-तीन फूट खणा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी बघा. खर्च शून्य.

जुना_पाना
दुसरं कारण पेट्रोलचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरून बसते. कार्बोरेटर थोडा जरी गळत असेल आणि खाली तुम्ही २३० व्होल्टचा हँडलॅम्प घेऊन बसला असाल, तर एक ठिणगी पुरे. वॉशिंग मशीनलाही हेच लागू. वहिनींना माझ्या वतीने नाही म्हणा, वाईटपणा माझ्यावर.

दोन खांबांची लिफ्ट विसरा. गाडीची उंची जवळपास ५ फूट, खाली उभं राहायला साडेपाच धरा, साडेदहा झाले. तुमचा स्लॅब साडेआठला. कमी उंचीची सीझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत वर जाणारी) पाहा, कमरेएवढी गाडी उचलते. ट्रॉलीवर बसून काम होतं आणि गिअरबॉक्स छातीवर येत नाही. तोवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) गाडी ठेवा, पण नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका. गिअरबॉक्स उतरवायला वेगळा जॅक असतो, तो आधी घ्या.

लादी उखडा. सहा इंच काँक्रीट, आत जाळी, उतार शटरकडे. घोडीचं सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं, पोकळ बसवलेली लादी फुटणारच.

आणि एक विचारतो. पावसात शटर अर्धं पाडून इंजिन चालू ठेवता का?

धागाकर्ता
ठेवतो. चुकतंय का?

जुना_पाना
फार चुकतंय. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तो भरपूर निघतो, धूर गाळायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. डोकं जड झालं की आपण म्हणतो ऊन लागलं. इंजिन चालवायचं तर शटर पूर्ण वर आणि सायलेन्सरचं तोंड बाहेर. मागे भिंत पाडा न पाडा, खिडकी तरी काढाच.

आर्टिस्ट_व्हिलेजवाली
परवानगीबद्दल. आमच्या बेलापूरच्या वस्तीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी घरं पुढे वाढवता येतील अशीच आखली होती, दोन घरांत सामाईक भिंत नाही. त्यामुळे पाहुण्यांना वाटतं, नवी मुंबईत कुणीही काहीही वाढवावं. तसं नाही. पत्रा असो की स्लॅब, मागची मार्जिन (नियमाने मोकळी सोडायची जागा) कायमची झाकली की ते बांधकाम. विनापरवाना असेल तर महापालिका एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६च्या कलम ५३ची नोटीस काढू शकते. पावसाळ्यापुरतं तात्पुरतं छप्पर वेगळं, पण अर्ज त्यालाही करावा लागतो. शिवाय जमीन सिडकोच्या लीजवर असेल, तो करार एकदा वाचून काढा. परवानाधारक आर्किटेक्टला नकाशा दाखवा, तो एका भेटीत सांगेल. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं. आधी पत्रा, मग आर्किटेक्ट. पत्रा भंगारात गेला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. रविवारी मुलाने आणि मी कढीपत्त्याजवळ खणलं. सव्वादोन फुटांवर माती काळी आणि चिकट झाली, पहार ओढताना चप-चप आवाज. रात्री वर पाट ठेवला. सकाळी बघतो तर वीतभर पाणी. बोट बुडवून जिभेला लावलं, खारट. मे महिन्यात ही अवस्था. खड्ड्याचा विषय संपला.

कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं. आर्किटेक्ट म्हणाल्या, मार्जिन मोकळीच ठेवा, भिंतीत मोठी खिडकी काढा, आणि गॅरेजातलं जुनं लाकडी कपाट व पुढचा कट्टा हलवला तर तीन फूट तसेच मिळतात. त्या कपाटात काय आहे ते पाहिलं. दोन फुटके टेललाइट, वडिलांनी जपलेले तीन वायपर, आणि माझी बारावीची गाइडं. म्हणजे अडगळीसाठी भिंत पाडायला निघालो होतो.

लादी पुढच्या महिन्यात निघतेय. आता एवढंच सांगा, सिंगल फेजवर चालणारी वापरलेली सीझर लिफ्ट तुर्भे किंवा ठाण्याच्या बाजूला कुणाकडे चालू अवस्थेत बघायला मिळेल का? विकायचीच असं नाही, नुसती वर-खाली होताना पाहायची आहे. रविवारी कधीही येऊ शकतो.

जुना_पाना
व्यनि (खासगी निरोप) करतो. आणि जुनं ऑइल काढलंत तर गटारात ओतू नका, ते खाडीत जातं. डब्यात साठवा, येताना घेऊन या. आमच्याकडून नोंदणी असलेला रिसायकलर नेतो.