मदत हवी आहे: डोक्यावरचा भार आण्यांत मोजला, जर्नलला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवते. पीएचडीतला एक भाग पेपर करून एका आंतरराष्ट्रीय जर्नलला पाठवला होता. विषय कॉग्निटिव्ह एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम करताना डोक्यावर भार कुठे आणि किती पडतो याचा. नवव्या दिवशी संपादकांकडूनच परत आला, परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. जरा लांबलचक लिहिते, कारण खरी अडचण तपशिलातच आहे.

कपाशीवर फवारणी करणारी माणसं बाटली उघडण्यापासून पंप भरेपर्यंत काय वाचतात, काय मोजतात, काय लक्षात ठेवतात, ते मी पाहिलं. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा मास्क आणि हातमोज्यांवर खूप बोललं गेलं, ते हवंच होतं. पण लेबल आणि पंप यांच्या मध्ये एक गणित बसलेलं आहे. समजा लेबलवर लिहिलंय, हेक्टरी २५० मिली, ५०० लिटर पाण्यात. शेतकरी एकरात बोलतो, पंप १५ लिटरचा, आणि माप म्हणजे बाटलीचं झाकण. पंपाला साडेसात मिली येतात. हे गणित धुऱ्यावर, उन्हात, मजूर खोळंबले असताना करायचं. अक्षरं मुंगीएवढी. विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. हिरवा म्हणजे ‘पीक हिरवंगार करणारं’, असं मला एकाहून जास्त जणांनी सांगितलं. म्हणतातही सगळे औषधच. विष हा शब्द मी तिथे क्वचितच ऐकला.

भार मोजायला नासा-टीएलएक्स घेतली. हार्ट आणि स्टॅव्हलँड यांची १९८८ ची प्रश्नावली, सहा बाजूंची: मानसिक भार, शारीरिक भार, वेळेची घाई, कामगिरी, कष्ट, वैताग. प्रत्येक बाजूचं उत्तर एका रेघेवर खूण करून द्यायचं, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. मराठी मीच केलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले. ‘मानसिक ताण किती आला?’ असं विचारलं, तर एक बाई म्हणाल्या, ‘ताण त कर्जाचा हाये मॅडम, फवारणीचा कायचा ताण?’ त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे ताण चिंतेचा असतो, डोकं चालवण्याचा नाही. ‘किती डोकं लावा लागलं?’ असं विचारायला लागले तेव्हा कुठे लोक कामाबद्दल बोलू लागले. कामगिरीची रेघ तर उलटीच आहे, डावीकडे उत्तम आणि उजवीकडे अपयश. ज्याला आपलं काम चोख झालं असं वाटे, तो बरोबर उजवं टोक दाखवायचा.

मग खुद्द ती रेघ, २१ खुणांची. साठीतल्या एका काकांनी पेन हातात घेतलं, गुडघ्यावरच्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन मला परत दिलं. म्हणाले, ‘आण्यात इचारा न मॅडम. बारा आणे डोकं लागलं.’ इथे पिकाची आणेवारी लहानपणापासून कानावर पडते. पन्नास पैशांच्या आत आली की घरात काय होतं, हे प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सोळा आण्यांतच विचारलं. उत्तरं झटपट येऊ लागली, लोक आपणहून तुलना करू लागले: ‘मोजाले बारा, वाचाले चवदा.’

संपादकांचे आक्षेप दोन. एक, अनुवाद आणि बदललेली पट्टी यांचं प्रमाणीकरण, म्हणजे ती खरंच भारच मोजतात याचा पुरावा, दाखवलेलं नाही. दुसरा जास्त बोचला: पहिल्या १२ मुलाखती संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीच्या मंजुरीपत्राआधीच्या आहेत. मी त्यांना ‘प्राथमिक चाचणी’ धरलं होतं.

आता आणे ठेवू की २१ खुणांकडे परत जाऊ? त्या १२ जणांचं काय करू? आणि एका दुसऱ्या जर्नलचा मेल आला आहे, ४८ तासांत स्वीकृती, ‘यूजीसी यादीत आहोत’, शुल्क माझ्या अर्ध्या पगाराएवढं. वर्ष संपत आलंय, म्हणून मन डळमळतंय.

प्रतिसाद:

ताई, आधी शेवटचं. पैसे भरू नका. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहोत’ याला आता काही अर्थ नाही. ४८ तासांत कोणी तुमचा पेपर नीट वाचणारही नाही. ‘अप्लाइड एर्गोनॉमिक्स’, ‘एर्गोनॉमिक्स’, ‘कॉग्निशन, टेक्नॉलॉजी अँड वर्क’ या तिन्हींत वर्गणीच्या मार्गाने छापून आलं तर लेखकाला शुल्क नाही, खुल्या प्रवेशाचा, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येण्याचा, पर्याय निवडला तरच आहे. एका वेळी एकालाच पाठवा.

आणे सोडू नका, पण त्याला नासा-टीएलएक्स म्हणू नका. ‘टीएलएक्सवर आधारित’ म्हणा. कोणती बाजू जास्त महत्त्वाची हे ठरवणारी १५ जोड्यांची तुलना गाळून सहा बाजूंची साधी सरासरी घेतात, ती रॉ टीएलएक्स सर्रास चालते, त्यावर अडणार नाही. ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा कोणाकडून तुमच्या मराठीचं परत इंग्रजी करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. कर्जाचं ते उत्तर पेपरात घाला. प्रश्न माणसाला कसा कळला हे तपासणं म्हणजेच प्रमाणीकरणाची सुरुवात, आणि ती तुम्ही केलेली आहे, फक्त लिहिली नाही. मग एकाच माणसाला रंगीत पाण्याची दोन मिश्रणं करायला द्या, एक सोपं, एक अवघड. अवघडला आणे वाढले तर पट्टी भार पकडते असं म्हणता येईल.

१२ जण मात्र काढा. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. माणसांवरच्या संशोधनासाठीची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा वाचा. समितीला स्वतःहून कळवा आणि पुढच्या संपादकांना पत्रातच सांगून टाका.

मूळ लेखिका:

मनापासून आभार. मेल काढून टाकला. समितीला पत्र दिलं, रंगीत पाण्याच्या चाचणीची मंजुरीही मागितली आणि काल ती मिळाली.

ते १२ जण काढायचे ठरवले, पण आणे सुचवणारे काका त्यांच्यातलेच. त्यांना काढताना फार जड गेलं. परवा त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग पुन्हा इचारा, मी कुठं चाललो?’ सध्या वेचणी चालू आहे, दिवसा सापडत नाहीत. उद्या संध्याकाळी जाते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायला आणि अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही करायला शाळेतल्या गुरुजींना सोबत नेते आहे. आणि झाकणाऐवजी मापाचा पेलाही.