विंग चुनचा डमी फ्लॅटमध्ये बसवायचाय

प्रश्न: विंग चुनच्या (चिनी कुंग फूचा एक प्रकार) सरावासाठी सुताराकडून सागाचा डमी, म्हणजे मारायचा लाकडी खांब, करून घेतोय, नऊ इंची ओंडका, तीन हात एक पाय. भाड्याचा फ्लॅट, भिंत ब्लॉकची, डायरेक्ट बोल्ट मारू का?

उत्तर: अजिबात नको रे, ब्लॉकमध्ये अँकर सैल होतात, मग डिपॉझिट विसर. आरसीसी कॉलमला फ्रेम मार आणि ओंडक्यातून दोन आडव्या पट्ट्या आरपार घालून त्यावर टांग, म्हणजे मारल्यावर जरा दबतो. आधी डमी जमिनीत पुरायचे, विंग चुनचे गुरू इप मॅन हाँगकाँगला आल्यावर फ्लॅटसाठी हे असं टांगणं रुळलं.

उत्तर: लाकूड वाळलेलंच घ्या, ओलं तडकतं. आणि हात फेव्हिकॉलने चिकटवू नका, चौकोनी भोकात सैलच हवेत, खडखडले पाहिजेत.

प्रश्नकर्ता: खडखडाट?? खालचे काका आधीच वैतागलेत

उत्तर: मग दुपारी चारनंतर कर 😄